संशोधक धंद्यात का उतरतात? कोल्हापुरातनं सारखे येणारे प्रश्न

मी स्वतः संशोधनातनं कंपनी काढलीय, म्हणून पीएचडी करणारी पोरं-पोरी, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणारे मित्र आणि परमनंट असलेले काही सर, मॅडम मला व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण तेच तेच विचारतात. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवताना कुठंतरी काहीतरी सुटतंच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. साधे प्रश्न आधी आहेत, किचकट नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. संशोधक-उद्योजक म्हणजे नक्की कोण? मी पीएचडी करून मेस टाकली तर मी पण त्यातलाच का?

मेस हा चांगला धंदा आहे, पण तो यात धरत नाहीत. विद्यापीठात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये जे शोधलं, मोजलं, बनवलं तेच घेऊन बाजारात उतरतो तो संशोधक-उद्योजक. मग तो प्राध्यापक असो, प्रोजेक्टवरचा फेलो असो नाहीतर थिसिस सबमिट करून बसलेला विद्यार्थी. अशा कंपनीला स्पिन-ऑफ म्हणतात.

२. पगार, मान, सुट्ट्या सगळं असताना प्राध्यापक माणूस धंद्यात कशाला पडतो? पैशासाठीच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. पण ते उत्तर बरोबर नाही. अ‍ॅलिस लॅम नावाच्या संशोधिकेनं ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांना हेच विचारलं होतं आणि २०११ मध्ये त्यावर पेपर लिहिला. तिनं कारणं तीन गटांत मांडली, सोनं, मानाची फीत आणि कोडं. सोनं म्हणजे पैसा. फीत म्हणजे नाव, पुढची ग्रँट, लॅबला मशिनं मिळणं (आपल्याकडं फीत नाही, फेटा म्हणू). कोडं म्हणजे आपण शोधलेलं खरंच चालतंय का हे बघितल्याशिवाय झोप न लागणं. सोन्यासाठी उतरलेले होतेच, पण ते थोडे होते, जास्त लोक फेटा आणि कोडं यासाठी उतरले होते.

मला स्वतःला यात अजून एक कारण घालावं वाटतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं आहे. शोध लागतो, पेपर छापून येतो आणि मग पुढं तो घेऊन जायला कुणीच येत नाही. कंपनीवाल्याला तो अर्धवट वाटतो, सरकारला छोटा वाटतो, आणि बाकीच्या शास्त्रज्ञांच्या दृष्टीनं तो विषय संपलेला असतो. मग उरतो एकच माणूस ज्याला तो चालणार असं वाटतंय, तो म्हणजे ज्यानं शोधलंय तो. गूगलचंच बघा, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे स्टॅनफर्डला पीएचडी करत होते आणि त्यांना आधी सर्च इंजिनचं तंत्र दुसऱ्या कंपनीला देऊन परत अभ्यासाला लागायचं होतं, एक्साइटसारख्या कंपनीनं घेतलं नाही, मग १९९८ मध्ये स्वतःची कंपनी काढली. घेणारा मिळाला असता तर कदाचित दोघं कुठंतरी प्रोफेसर झाले असते.

आपल्या जवळचं उदाहरण पाहिजे तर आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार. रक्ताच्या काही कॅन्सरवर कार-टी नावाची उपचारपद्धत आहे, पेशंटच्याच पेशी काढून, बदलून परत सोडायच्या. परदेशात याचा खर्च काही कोटींत जातो. पुरवारांच्या लॅबनं टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर ती इथं तयार केली, २०१८ मध्ये इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या या उपचाराला, नेक्सकार१९ ला, देशात मान्यता मिळाली, खर्च परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात. आता हे नुसतं पेपरात राहिलं असतं तर एका तरी पेशंटला मिळालं असतं का?

३. तुम्ही स्वतः कशामुळं उतरला?

माझी पीएचडी हवेतली आर्द्रता ओळखणाऱ्या थिन फिल्मवर होती. लॅबमध्ये बंद बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरच्या हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते, लिथियम क्लोराइडचं ठेवलं तर ११ च्या आसपास, त्या बरण्यांतनं फिल्म फिरवायची आणि रीडिंग घ्यायचं. ग्राफ एकदम देखणा यायचा.

मग एका मित्राबरोबर शिरोली एमआयडीसीत त्याच्या मामांच्या फौंड्रीत (वाळूच्या साच्यात धातू ओतायचा कारखाना) गेलो, सहज. तिथं सँड मिक्सरपाशी एक मिस्त्री उभे होते, साठीच्या आसपासचे. त्यांनी मूठभर वाळू घेतली, दाबली, गोळा केला, दोन्ही हातांनी मधनं मोडला, मोडलेल्या कडेकडं बघितलं आणि मिक्सरवाल्याला म्हणाले, "अर्धी बादली टाक." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "कड ढासळली की पाणी कमी, हाताला चिकटली की जास्त." त्या वाळूत पाणी ३-४ टक्के लागतं, जास्त झालं की ओतताना वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वाफेची भोकं) पडतात, कमी झालं की साचा ढासळतो. आणि ते मिस्त्री दोन वर्षांत रिटायर होणार होते आणि मामांना त्याची काळजी लागली होती, की यांच्यानंतर हे बघणार कोण.

त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. मी चार वर्षं आर्द्रता मोजत होतो आणि माझ्या घरापासनं दहा किलोमीटरवर एक माणूस मुठीनं आर्द्रता मोजत होता आणि आम्हा दोघांना एकमेकांचा पत्ताच नव्हता.

पुढच्या आठवड्यात माझी फिल्म घेऊन गेलो, पहिल्याच दिवशी ती वाया गेली. वाळू परत फिरून येते ती गरम असते, त्यात बेंटोनाइट (चिकट माती) आणि कोळशाची पूड असते, त्याचा लेप बसला की फिल्मला काही कळतच नाही. दीड वर्ष गेलं. शेवटी जे चाललं ते वेगळंच, वाळूत बुडवायची जाड धातूची प्रोब, कपॅसिटन्सवर (वीजभार साठवायच्या क्षमतेवर) चालणारी. थिसिसमधली फिल्म त्यात नाहीच, पण तापमानाची दुरुस्ती कशी करायची ते गणित थिसिसमधलं आहे. हे मुद्दाम सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं थिसिस जसाच्या तसा विकायचाय. तसं क्वचितच होतं.

४. परमनंट जागा निघत नाहीत म्हणून कंपनी काढतोय. हे चुकीचं कारण आहे का?

चुकीचं अजिबात नाही, पण एकटं पुरत नाही. आपल्याकडं नेट-सेट, पीएचडी सगळं करून माणूस वर्षानुवर्षं सीएचबीवर तासाच्या हिशोबानं शिकवतो, बिंदूनामावली (आरक्षणाचा तक्ता) आणि मंजुरीत जागा अडकलेल्या असतात, फेलोशिप संपलेली असते. जेआरएफ (ज्युनियर फेलोशिप) जानेवारी २०२३ पासनं महिना ३७ हजार आहे आणि एसआरएफ (सीनियर) ४२ हजार, ती बंद झाली की दुसऱ्या महिन्यात घरात काय चालतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. मग माणूस दुसरं दार शोधणारच.

पण ढकललेला माणूस पहिली नोकरी आली की कंपनी सोडतो, हे मी चार-पाच जणांचं जवळनं बघितलंय आणि त्यात मागं राहिलेल्या पार्टनरचे हाल होतात. म्हणून स्वतःला एवढंच विचारा, उद्या असिस्टंट प्रोफेसरची ऑर्डर आली तर हे काम कुणाकडंतरी सोपवून का होईना चालू ठेवणार का? हो असेल तर उतरा. नाही असेल तरी काही बिघडत नाही, पण पार्टनरला तसं आधी सांगा.

५. परमनंट प्राध्यापकाला कंपनी काढायची परवानगी असते का? नोकरी जाईल का?

असते, पण आपोआप नसते. केंद्राच्या शिक्षण खात्यानं २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरण काढलं. त्यात म्हटलंय की प्राध्यापकानं स्टार्टअपमध्ये शेअर किती घ्यावेत यावर बंधन नाही, फक्त ऑफिसच्या वेळेतला २० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ तिथं घालवायचा नाही आणि तो पण सल्लागार म्हणून. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कंपनीत मॅनेजरकीचं पद घेतलं तर सबॅटिकल (अभ्यास रजा), बिनपगारी किंवा अर्जित रजा घ्यायची.

आता महत्त्वाचं. हे धोरण मार्गदर्शक आहे, तुमच्या संस्थेनं ते स्वतःच्या नियमांत किती घेतलंय त्यावर सगळं ठरतं. विद्यापीठात असाल तर २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं इनक्युबेशनसाठी (नव्या कंपन्यांना आधार द्यायला) वेगळं मंडळच आहे, तिथं विचारा. अनुदानित कॉलेजात असाल तर प्राचार्य आणि संस्था दोघांची लेखी परवानगी घ्या. तोंडी "करा हो, काय होतंय" यावर कधीच जाऊ नका, प्राचार्य बदलतात.

६. लॅबमध्ये लागलेला शोध माझा की विद्यापीठाचा?

संस्थेची मशिनं, पैसा, वेळ भरपूर वापरला असेल तर ५ मधल्या धोरणानुसार मालकी संशोधक आणि संस्था दोघांची. संस्थेची साधनं न वापरता, ऑफिसच्या वेळेबाहेर आणि विद्यार्थी असाल तर अभ्यासक्रमाचा भाग नसलेलं काम केलं असेल तर ते पूर्ण तुमचं. पैसा डीएसटी, डीबीटी (केंद्राचे विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभाग) किंवा एखाद्या कंपनीचा असेल तर त्यांच्या मंजुरीपत्रातल्या अटी पण लागू होतात, ते पत्र एकदा शांतपणे वाचा.

मालकीचा नियम माणसाच्या मनावर किती परिणाम करतो याचं नॉर्वेतलं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथं आधी प्राध्यापकाचा शोध पूर्ण प्राध्यापकाचाच असायचा. २००३ मध्ये नियम बदलला, साधारण एक तृतीयांश प्राध्यापकाला आणि बाकी विद्यापीठाला. पुढं अभ्यास झाला तेव्हा दिसलं की विद्यापीठातल्या लोकांनी काढलेल्या कंपन्या आणि पेटंट दोन्ही निम्म्यावर आले. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातल्या शोधाची मालकी विद्यापीठांना मिळाली आणि तिथं विद्यापीठांनी त्यासाठी ऑफिसं उघडली, माणसं नेमली. भारतात तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं होतं, २०१४ मध्ये मागं घेतलं गेलं. म्हणून आपल्याकडं प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. संशोधक लालची नसतो हो, पण दीड वर्ष भट्टीपाशी उभं राहायचं आणि निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा म्हटलं की हात आखडतो.

आणि एक गोष्ट, सहमालकी ऐकायला गोड वाटते पण पेटंट कायद्यानुसार सहमालकाला स्वतः वापरता येतं, दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही किंवा आपला हिस्सा विकता येत नाही. म्हणजे पुढं गुंतवणूकदार आला की विद्यापीठाची सही लागणारच. आधीच लायसन्सचा करार करून ठेवा.

७. आधी पेपर की आधी पेटंट?

आधी पेटंटचा अर्ज, मग पेपर. पेपर, पोस्टर, कॉन्फरन्समधलं प्रेझेंटेशन, शोधगंगावर (थिसिसचं ऑनलाइन भांडार) चढलेला थिसिस, काहीही आधी जगासमोर गेलं की शोध "नवा" राहत नाही. आपल्या कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे पण ती ठराविक प्रसंगांनाच, जर्नलमधला पेपर त्यात बसेल असं धरून चालू नका, आणि युरोपात तर तेवढी पण नाही.

घाई असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, त्यात क्लेम (नक्की कशावर हक्क सांगतोय ती यादी) लागत नाहीत, मग १२ महिन्यांत पूर्ण अर्ज. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर पाठवला तरी चालतो. दोन्हीतलं एकच करता येतं हा जो समज पसरलाय त्यानं आपल्या भागातले कितीतरी चांगले शोध वाया गेलेत, मला याचं फार वाईट वाटतं.

८. पेटंटला लाखो रुपये लागतात ना?

सरकारी फी लाखांत नाही. ऑनलाइन अर्जाची मूळ फी व्यक्तीला किंवा स्टार्टअपला १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीची ४,०००. २०२१ पासनं शिक्षणसंस्थांना पण हीच कमी फी लागते. जास्त खर्च होतो तो एजंटच्या फीचा आणि परदेशात अर्ज करायचा असेल तर. पेटंट अर्जाच्या तारखेपासनं २० वर्षं टिकतं, पण तिसऱ्या वर्षापासनं नूतनीकरणाची फी भरत राहावी लागते, ती विसरू नका.

९. आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणीच असलं काही करत नाही. त्यानं फरक पडतो का?

खूप पडतो. अमेरिकेत ड्यूक आणि जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांच्या मेडिकल कॉलेजांवर अभ्यास झालाय, २००८ मध्ये आला. त्यात दिसलं की विभागप्रमुख स्वतः विद्यापीठाकडं आपले शोध नोंदवत असेल आणि आपल्याच पदावरचे दोन-चार जण नोंदवत असतील तर माणूस पण नोंदवायला लागतो, नाहीतर नाही. उद्यमनगरात एका पोरानं लेथ टाकली की शेजारचा पण टाकतो, तसंच हे.

शिवाय प्रमोशनचा हिशोब वेगळाच आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विज्ञानाच्या एका पेपरला ८ गुण मूळ, वर इम्पॅक्ट फॅक्टरचे वेगळे, आणि देशातल्या पेटंटला ७. पेटंटला पेपरपेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि धावपळ लागते, मग सर लोक काय निवडणार? त्यांना दोष देऊ नका. डिपार्टमेंटमध्ये कुणी नसेल तर बाहेरचे दोघं-तिघं शोधा आणि महिन्यातनं एकदा भेटा.

१०. कंपनीच काढली पाहिजे का? दुसरा मार्ग नाही?

दोन आहेत. एक कन्सल्टन्सी, म्हणजे फौंड्रीचा किंवा साखर कारखान्याचा प्रॉब्लेम सोडवून द्यायचा आणि संस्थेमार्फत फी घ्यायची. दुसरा लायसन्स, म्हणजे तंत्र तयार कंपनीला द्यायचं आणि रॉयल्टी घ्यायची. घेणारा मिळत असेल तर लायसन्स सगळ्यात बरं, तुमचं शिकवणं पण चालू राहतं. कंपनी काढायची ती घेणारा कुणी नाही आणि तुम्हाला तर ते अर्धवट सोडवत नाही तेव्हा (२ मधलं गूगलचं बघा). स्टॅनफर्डनं त्या तंत्राच्या बदल्यात शेअर घेतले होते, ते २००५ मध्ये विकून ३३.६ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे लायसन्स आणि कंपनी दोन्ही एकत्र पण होऊ शकतं.

११. सुरुवातीचे पैसे कुठनं आणायचे? सोनं गहाण ठेवू का?

नका ठेवू. पहिला नमुना बनवायला डीएसटीची निधी-प्रयास योजना आहे, १० लाखांपर्यंत. जैवतंत्रज्ञान, औषध, शेती, मेडिकल उपकरण असेल तर बायरॅकची (केंद्राची जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणारी संस्था) बिग ग्रँट, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. कंपनी रजिस्टर झाली की स्टार्टअप इंडिया सीड फंड, संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान. हे बहुतेक इनक्युबेटरमार्फत मिळतं, थेट नाही. फॉर्म भरताना एक चूक सगळे करतात, थिसिससारखं लिहितात. तिथं पहिला प्रश्न असतो की हे विकत कोण घेणार, आणि त्याचं उत्तर पहिल्या पानावर पाहिजे.

१२. मला हिशोब, जीएसटी, विक्री यातलं काही कळत नाही. एकट्यानं होईल का?

अवघड आहे. १९७६ मध्ये जेनेनटेक निघाली तेव्हा हर्बर्ट बॉयर हे प्राध्यापक होते आणि रॉबर्ट स्वॉनसन हा गुंतवणुकीच्या धंद्यातला माणूस त्यांच्याकडं आला होता, बॉयर नोकरीत राहिले आणि धंदा स्वॉनसननं बघितला, दोन वर्षांत माणसाचं इन्शुलिन जिवाणूत तयार करून दाखवलं. म्हणजे जोडी लागते. कोल्हापुरात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, ज्याच्या घरात तीन पिढ्या फौंड्री, गूळ नाहीतर चांदी आहे अशी पोरं तुमच्या वर्गात बसलेली असतात. माझा पार्टनर तसलाच, ३ मध्ये सांगितलेला मित्र. उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे त्याला माणूस बघून कळतं, मला अजून कळत नाही.

१३. गाईडचं नाव पेटंटमध्ये घालावंच लागतं का?

शोधात खरा वाटा असेल तर घालायचंच, नसेल तर नाही. पेपरमध्ये नाव घालायची जी पद्धत आहे ती इथं चालत नाही, खोटा इन्व्हेंटर (शोध लावणारा) घातला किंवा खरा वगळला तर पुढं पेटंटच अडचणीत येतं. उलटं पण लक्षात ठेवा, कल्पना गाईडची आणि हात तुमचे असं असेल तर गाईड इन्व्हेंटर आहेतच. बोलायला अवघड वाटतं, "सर, रागावू नका पण" म्हणून सुरू करा, वहीतल्या तारखा समोर ठेवा. तारखा घालून वही लिहायची सवय आजपासनं लावा. मालकीचं वेगळं आहे, ते ६ मध्ये.

१४. वय ४५ झालंय. आता उशीर झाला का?

नाही. अमेरिकेतल्या लाखो कंपन्यांच्या नोंदींवरनं झालेल्या अभ्यासात कंपनी काढणाऱ्याचं सरासरी वय ४२ च्या आसपास निघालं, आणि सगळ्यात वेगानं वाढलेल्या कंपन्या काढणाऱ्यांचं ४५. शिवाय परमनंट प्राध्यापकाला या वयात ओळखी असतात, घर झालेलं असतं.

१५. मॅडम लोक यात कमी का दिसतात?

हुशारी कमी म्हणून नाही. अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांवर २००६ मध्ये आलेल्या अभ्यासात बायकांचं पेटंट घेण्याचं प्रमाण पुरुषांच्या ४० टक्के होतं, आणि मुख्य कारण निघालं उद्योगातल्या लोकांशी ओळखी नसणं, कुणी बोलावत नसणं. आपल्याकडं तर फौंड्रीत, गुऱ्हाळावर जायचं म्हटलं की घरापासनं प्रश्न सुरू. माझ्या ओळखीच्या एक मॅडम गुळावर काम करतात, रस साफ करायला भेंडीचा चीक वापरतात, पण त्याऐवजी रंग उजळायला कुठं कुठं हायड्रॉस नावाचं रसायन टाकलं जातं, ते चटकन ओळखायची पट्टी त्या बनवतात. पहिल्यांदा गुऱ्हाळावर गेल्या तेव्हा मालक त्यांच्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्याशीच बोलत राहिला. तिसऱ्या फेरीला त्यांनी चुलवाणापाशी उभं राहून त्याच्या देखत टेस्ट करून दाखवली, मग तो "मॅडम, बसा की" म्हणाला. विभागप्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे, उद्योगवाले भेटायला आले की त्या टेबलावर मॅडमना पण बसवा.

१६. कोल्हापुरात राहून होतं का? की पुणे, बेंगळुरूला जायला पाहिजे?

मशिनसाठी जा, राहायला जाऊ नका. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात व्हेंचर सेंटर आहे, आयआयटी मुंबईत साइन आहे, दोन्ही इनक्युबेटर, तिथं सुविधा आणि सल्ला मिळतो. पण तुमचं गिऱ्हाईक कुठं आहे ते बघा. वाळूचं असेल तर शिरोली, गोकुळ शिरगाव. सूत आणि रंगाचं पाणी असेल तर इचलकरंजी. चांदीचं असेल तर हुपरी. सकाळी नमुना दिला आणि संध्याकाळी "नाही चाललं" असं तोंडावर सांगणारं गिऱ्हाईक २० मिनिटांवर असणं ही फार मोठी गोष्ट आहे, ती मोठ्या शहरात विकत मिळत नाही. सॉफ्टवेअर नाहीतर औषध असेल तर मात्र बाहेर जाणं आलंच.

१७. माझं काम दाजीपूरच्या जंगलातल्या वनस्पतीवर आहे. काही वेगळं आहे का?

आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार इथल्या जैविक संसाधनावर पेटंट घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं जावं लागतं. आणि आजीबाईच्या बटव्यात जे आधीपासनं आहे, पारंपरिक ज्ञान, त्याला पेटंट मिळत नाही. नवी प्रक्रिया, नवं मिश्रण ज्याचा परिणाम मोजून दाखवता येतो, ते चालतं. अभयारण्यातनं नमुने आणायला वनखात्याची परवानगी वेगळी.

१८. मी इतिहासाचा. आमच्यासाठी यात काय आहे?

भरपूर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती कमी आहेत हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. जमिनीचे कागद, देवस्थानचे कागद, जुन्या घरातले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), हे वाचून देणारी चांगली संस्था चालू शकते. पेटंट इथं लागत नाही, लिप्यंतरावर आणि तयार केलेल्या डेटावर कॉपीराइटचा विचार करा.

१९. घरचे म्हणतात आधी परमनंट हो, मग काय करायचं ते कर. काय सांगू?

घरच्यांचं चुकत नाही, त्यांनी तुमच्या फेलोशिपचे उशिरा आलेले हप्ते बघितलेत. त्यांना "स्टार्टअप" सांगू नका, तारीख आणि आकडा सांगा. मी वडिलांना म्हणालो होतो, १८ महिने, घरात महिना एवढे देतो, नाही जमलं तर परत अर्ज करायला लागतो. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पाठीमागच्या पत्र्याच्या शेडमधलं त्यांचं सामान काढून माझ्या टेबलाला जागा केली होती.

२०. कंपनी बुडाली तर परत प्राध्यापक होता येतं का?

रजेवर असाल तर होतं, ५ मधल्या धोरणात सेवाज्येष्ठता राखायची शिफारस आहे, पण ते रजेच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्या. सीएचबी आणि प्रोजेक्टवाल्यांना लिएन (जुन्या जागेवर परत यायचा हक्क) नसतो, त्यांनी मधल्या काळात वर्षाला एखादा तरी पेपर चालू ठेवावा, मुलाखतीत "एवढी वर्षं काय केलं" विचारतात तेव्हा दाखवायला होतो.

२१. फौंड्रीवाल्यानं वाळू दिली, जागा दिली, थोडे पैसे पण दिले. आता म्हणतोय शोध आमचा. काय करू?

इन्व्हेंटर वेगळा आणि मालक वेगळा. वाळू, जागा, पैसे दिल्यानं कुणी इन्व्हेंटर होत नाही, त्यांच्या मिस्त्रीनं खरंच एखादी कल्पना सुचवली असेल तर मात्र तो मिस्त्री होऊ शकतो, मालक नाही. मालकी लेखी करारावर ठरते, पेटंटचं हस्तांतर तोंडी होत नाही. लेखी काहीच नसेल तर भांडायच्या आधी बसा, विद्यापीठाचा माणूस पण बरोबर घ्या कारण त्यांचा हिस्सा असू शकतो (६ बघा).

बहुतेक वेळा समोरच्याला मालकी नकोच असते, त्याला भीती असते की उद्या हेच शेजारच्या फौंड्रीला देऊन आपल्यालाच महाग विकतील. ती भीती काढा. आम्ही मामांबरोबर दोन पानांचा करार केला, मराठीतच, स्टँपपेपरवर: त्यांच्या फौंड्रीत प्रोब कायम फुकट, पहिलं वर्षभर शिरोलीत दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, मालकी आमची आणि विद्यापीठाची. साक्षीदार म्हणून सही मिस्त्रींनी केली, आणि सही करायच्या आधी प्रोबचं रीडिंग बघून परत एकदा मुठीत वाळू दाबून बघितली.